अपघाताचा नकाशा

विमा कंपनीला फोन लावण्याआधी त्यांनी चष्मा पुसला, पॉलिसीचा कागद टेबलाच्या कडेशी समांतर ठेवला आणि पलीकडून बोलणाऱ्या माणसाला मूर्ख ठरवून टाकलं. तो माणूस अजून फोनवर यायचा होता. पण छत्तीस वर्षं नकाशाखात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसाला तेवढा अंदाज असतो. खात्यात त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. बाकीच्यांनी टोपणनाव पडावं एवढंसुद्धा काम केलं नव्हतं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

अकरा मिनिटं एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज त्यांना सांगत राहिला की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक मुलगा आला.

"सर, गाडी आत्ता सेफ ठिकाणी आहे का?"

"गाडी घरी आहे. अपघात शनिवारी झाला, आज सोमवार. गाडी रस्त्यात आडवी टाकून मी दोन दिवस तुमच्या फोनची वाट बघत बसलो असेन का?"

"ओके सर. काय झालं ते थोडक्यात सांगाल?"

"थोडक्यात कशाला? सविस्तर सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. शनिवार, सकाळी नऊ चाळीस. तरणतलावाच्या आवारातली पार्किंगची जागा. वेग माणूस चालतो तेवढा. गाडी आवाराच्या टोकाकडून फाटकाकडे आणत असताना डाव्या हाताला पाववाल्याची व्हॅन. डावा दिवा फुटला, बंपर आत गेला, व्हॅनच्या दाराला पोचा आला. माणसाला इजा नाही.

"ती व्हॅन चालू होती का सर?"

"ते मला काय माहीत? मला दिसली तेव्हा ती माझ्या बंपरला लागलेली होती."

"म्हणजे तुम्ही तिला ठोकलंत?"

"म्हणजे ती लागलेली होती."

मुलाने काहीतरी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. त्यात शनिवारचा रविवार झाला होता, व्हॅनचा ट्रक झाला होता आणि तरणतलाव गळालाच होता. त्यांनी कपाळाला हात लावला. असली माणसं आपल्या खात्यात असती तर शहरातली निम्मी घरं नदीत गेली असती, असं त्यांनी त्याला ऐकवलंही. मुलगा म्हणाला, "सॉरी सर, मी फॉर्म पाठवतो, तुम्हीच भरा." एवढ्या वेळात त्याने बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं.

खरं तर एका फुटक्या दिव्यासाठी त्यांनी कंपनीचं तोंडही पाहिलं नसतं. गोष्ट निराळीच होती. शनिवारी संध्याकाळीच त्यांच्या स्वतःच्या मुलाने त्यांना समोर बसवून घेतलं होतं.

"बाबा, हे वर्षातलं तिसरं. आधी फाटकाचा खांब, मग शेजाऱ्यांचा आरसा, आता हे."

"खांब वाकडा बांधलाय. शेजाऱ्याला गाडी लावता येत नाही. आणि हा पाववाला कुठूनही घुसतो."

"दर वेळी दुसऱ्याचीच चूक कशी असेल?"

"कारण दुसरेच जास्त आहेत," ते म्हणाले.

मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "क्लेम टाकू. कंपनीचा माणूस येऊन बघेल. चूक तुमची निघाली तर गाडीची किल्ली माझ्याकडे. नाही निघाली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. कबूल?"

"कबूल." त्यांनी ताबडतोब हात पुढे केला. स्वतःच्या घराचा रस्ता मोबाइलला विचारत येणाऱ्या या पोराकडून गाडी चालवण्याचं प्रमाणपत्र घ्यायची वेळ यावी, याचीच त्यांना तिडीक आली होती. बाकी भीती त्यांना नव्हती.

भीती नव्हती असं त्यांनी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग रात्रभर कूस का बदलत होता?" त्यावर त्यांनी उशीला दोष दिला.

किल्ली गेली तर शनिवार जाणार होता. नऊ वर्षांच्या नातीला शनिवारी सकाळी पोहायला नेणं आणि आणणं, एवढं एकच काम घरात त्यांच्याकडे उरलं होतं. जगात त्यांना ज्याची किळस येत नाही अशी एकमेव गोष्ट म्हणजे ती पोरगी. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत थांबायची. आजकाल एवढं कोण करतं? जाताना वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत वर्गातल्या कोणाशी अबोला आहे, कोणत्या बाई फळ्यावर रेघ वाकडी मारतात, हे सगळं ती त्यांना सांगायची. सूनबाईने आधीच बोलून ठेवलं होतं की तरणतलावाची बस अगदी दारापाशी येते. बस! चाळीस पोरं, एक पेंगणारा ड्रायव्हर आणि कर्कश गाणी. त्या बसचा विचार आला की ते कोणावर तरी डाफरायचे.

डाफरायला कारणांची वाण नव्हती. हल्ली लोकांना चालायचीसुद्धा अक्कल राहिलेली नाही, हे त्यांनी वर्षभर पाहिलं होतं. बाजारात जो तो यांच्या डाव्या खांद्यावर आपटायचा आणि वर यांच्याकडेच डोळे वटारून बघायचा. घरात दारं अर्धी उघडी टाकायची सवय सगळ्यांना. बायको चहाचा कप अशा जागी ठेवायची की यांचा हात लागून तो उलटलाच पाहिजे. "इथे कप ठेवतात?" ते ओरडायचे. "तुमच्या समोर ठेवलाय, अहो," ती म्हणायची. चाळीस वर्षं संसार करून या बाईला समोर कशाला म्हणतात ते कळत नाही, असं ते मनात म्हणत आणि फडकं आणत.

फॉर्म आला. तो उघडून पाहताच त्यांनी नाक मुरडलं. ओळी तिरक्या, रकाने असमान, एकच माहिती तीन वेळा विचारलेली. मात्र शेवटच्या पानावर एक वाक्य असं निघालं की त्यांनी ते दोनदा वाचलं. 'अपघाताच्या वेळी आपल्याला जे दिसले त्याचे रेखाचित्र काढा.' वा! ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला बहुधा कंपनीने काढून टाकलं असेल, ते म्हणाले.

कारण हाच त्यांच्या आयुष्याचा कायदा होता. दिसलं तेच काढायचं. खात्यात एक सहकारी होता, हसरा, लोकप्रिय, पानाचा डबा सगळ्यांपुढे फिरवणारा. त्याने एकदा एका नकाशात विहीर दाखवली. का, तर तिथे विहीर असणारच असं त्याला वाटलं. फूटपट्टीने तो नकाशा साहेबांच्या टेबलावर नेला आणि त्या माणसाची बढती तीन वर्षं अडली. सगळं खातं फूटपट्टीशी बोलेनासं झालं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. अंदाजपंचे विहिरी खणणाऱ्यांशी बोलण्यासारखं होतंच काय?

त्यांनी कपाटातून ड्रॉइंग बोर्ड काढला, टी-स्क्वेअर पुसला, पेनं तपासली. कंपनीने चित्रासाठी बोटभर चौकोन सोडला होता. त्यावर त्यांनी 'सोबतचा नकाशा पाहावा' असं लिहिलं आणि मोठा कागद ताणून बसवला. दोन दिवस खपले. आवारात त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की पावलांचं माप तोंडपाठ होतं. तलावाच्या इमारतीच्या पाच पायऱ्या. सायकलींचा स्टँड, त्यात अकरा सायकली, त्यातली एक भिंतीला टेकवलेली. कचऱ्याचा डबा, झाकण उघडं. पायरीवर टॉवेल पिळणारा माणूस. फाटकाचा उजवा खांब, त्यावरची पत्र्याची पेटी. आपली गाडी, तिचा मार्ग, बाणासकट. आणि डावीकडे ती व्हॅन, तीही तुटक रेषेत. खाली टीप: 'सदर वाहन धडकेपूर्वी दिसले नाही. सबब ते तुटक रेषेने दाखवले आहे.'

ती टीप लिहून झाल्यावर त्यांना इतकं समाधान वाटलं की त्यांनी बायकोला हाक मारली. तिने नकाशा पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण एका बाजूला एवढं आणि एका बाजूला काहीच नाही, असं का?"

"कारण तिथे काही नव्हतं. मी काय रांगोळी काढतोय, दोन्हीकडे सारखं भरायला?"

ती चष्मा काढून आत गेली. तिने उत्तर दिलं नाही म्हणजे आपलं खरं, असा त्यांचा जुना हिशेब होता.

फॉर्ममध्ये साक्षीदाराचा रकाना होता. नात तेव्हा आवारातच होती. तिला घ्यायलाच तर ते गाडी पुढे आणत होते. त्यांनी तिला समोर स्टुलावर बसवलं.

"शनिवारी गाडी लागली तेव्हा तू कुठे होतीस?"

"पायऱ्यांवर."

"काय पाहिलंस?"

"काही नाही. मी बाटलीचं झाकण लावत होते."

"संपूर्ण वेळ?"

"घट्ट होतं," ती म्हणाली आणि स्टुलाखाली पाय हलवू लागली.

पायरीवर टॉवेल पिळणारा माणूस त्यांना आठवत होता, नात आठवत नव्हती. पण पोरं कुठेही उभी राहतात. त्यांनी रकान्यात 'साक्षीदार निरुपयोगी' असं लिहिलं, मग तिच्याकडे बघून खोडलं आणि 'साक्षीदार नाही' असं केलं. खाडाखोड त्यांनी आयुष्यात सहसा केली नव्हती. पोरीचा विरस होऊ नये म्हणून केली.

कंपनीची सर्व्हेअर पुढच्या शनिवारी जागेवरच भेटते म्हणाली. नातीचा तास चालू असताना बघून टाकू, असं ठरलं. निकाल लागेपर्यंत किल्ली त्यांच्याकडेच होती, म्हणून ते फुटक्या दिव्यानिशी दिमाखात गेले. नात पोहायला आत पळाली. ते हातात नकाशाची गुंडाळी घेऊन उभे राहिले.

सर्व्हेअर बाई स्कूटरवरून आली. तिशीची असेल. हेल्मेटने केस चपटे झालेले, पेनाला टोपण नाही, वहीची पानं सुटलेली. ज्या बाईला आपल्या पेनाचं टोपण सांभाळता येत नाही ती लोकांचे अपघात काय सांभाळणार! त्यातून ती त्यांना 'काका' म्हणाली.

"काका, बसता का? ऊन आहे."

"उन्हात नकाशे काढलेत मी. तुम्ही काम करा."

तिने गाडीचे फोटो काढले, बंपरला हात लावून पाहिला, टेप धरून अंतर मोजलं. टेप सैल धरली होती. त्यांनी तिला सांगितलं, तिने ती ताणली. मग त्यांनी गुंडाळी सोडली आणि कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला.

बाई बघतच राहिली. "हे तुम्ही हाताने काढलंय?"

"पायाने अजून जमत नाही."

"नाही, म्हणजे मला लोक काय पाठवतात सांगू? चौकोनाला चार चाकं काढतात आणि लिहितात, ही मी." ती हसली. मग तिचं हसणं हळूहळू ओसरलं. ती नकाशाकडे बघायची, मान वर करून आवाराकडे बघायची, पुन्हा नकाशाकडे. आता हिला स्केल समजावून सांगावं लागणार, असं वाटून त्यांनी सुस्कारा सोडला.

"काका, डबा दाखवलात, त्याचं झाकण उघडं होतं हेसुद्धा दाखवलंत. डावीकडे काय होतं?"

"व्हॅन. तुटक रेषेत आहे. टीप वाचा."

"वाचली. व्हॅनशिवाय?"

"काही नाही. दिसलं असतं तर काढलं असतं."

"तिकडे वळून बघता का जरा?"

त्यांनी बघितलं. पूर्ण वळावं लागलं. कमरेइतका उंच पिवळा लोखंडी कठडा आवाराच्या टोकापासून फाटकापर्यंत गेला होता. त्याला लागून दोन बाकं. माणसापेक्षा उंच फलक, त्यावर पोहण्याच्या वेळा. पाण्याचा नळ, नळाखाली हौद. हे सगळं त्यांना माहीत होतं. त्या कठड्याला टेकून त्यांनी कितीदा नातीची वाट पाहिली होती. आणि कागदावर त्या जागी पांढरं स्वच्छ होतं.

"मी समोर बघत होतो," ते म्हणाले. "गाडी चालवणारा माणूस कठडे मोजत बसत नाही."

"सायकली मोजल्यात तुम्ही. अकरा."

या बाईला उलटं बोलायचा हक्क कोणी दिला, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. त्यांनी पुन्हा समोर मान केली. समोर पाहताच कठडा नाहीसा झाला. अंधार नव्हता, धुकं नव्हतं. तिथे काही असू शकतं असं वाटतच नव्हतं. त्यांनी मान डावीकडे वळवली, कठडा आला. सरळ केली, गेला. त्यांनी हे तीनदा केलं.

"अजून एक आहे," बाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तलावाच्या ऑफिसात कॅमेरा आहे. मी काल फोटो मागवून घेतले. खरं तर तुम्हाला दाखवायचे नव्हते."

"दाखवा."

तिने मोबाइल पुढे केला. वरून घेतलेला फोटो. त्यांची राखाडी गाडी. पुढे व्हॅन, थांबलेली; ड्रायव्हर मागचं दार उघडून पावाचे ट्रे उतरवतोय. आणि गाडी आणि पिवळा कठडा यांच्या मधे एक मुलगी, ओले केस, दोन्ही हात वर. थांबा, असे हात. पोहण्याची पिशवी जमिनीवर पडलेली. ती पायऱ्यांवर नव्हती. तिच्या हातात कसलीही बाटली नव्हती. ती थेट गाडीच्या काचेकडे बघत होती, म्हणजे आजोबांकडे.

बाईने बोट सरकवलं. पुढचा फोटो, एका सेकंदानंतरचा. मुलगी कठड्याला पाठ चिकटवून चवड्यांवर उभी, पोट आत ओढलेलं. गाडीचा आरसा तिच्या फ्रॉकपासून वीतभर.

ते बॉनेटवर हात टेकून उभे राहिले आणि त्यांच्या तळव्याखाली नकाशा चुरगळला. आयुष्यभर त्यांनी लोकांना आंधळं म्हटलं होतं; साहेबांना, पाववाल्याला, शेजाऱ्याला, स्वतःच्या मुलाला. त्या प्रत्येक वेळचा आपला चढा आवाज त्यांना ऐकू आला आणि लाज वाटली. पण लाज मागाहून. आधी भीती आली.

"आजोबा!"

नात दारातून बाहेर आली होती. केस ओले, खांद्यावर पिशवी. तिने बाईच्या हातातला मोबाइल पाहिला, आजोबांचा चेहरा पाहिला आणि ती जिथल्या तिथे थबकली. तिला सगळं कळलं.

"तू मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. डाफरायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली. "बाबांनी किल्ली घेतली असती," ती म्हणाली. "मग मला बस." मग बंद सोडून, "आणि मला लागलं थोडंच?"

खोट्याचा त्यांना तिटकारा होता. एका खोट्या विहिरीसाठी त्यांनी एका माणसाचं तीन वर्षं नुकसान केलं होतं. आणि ही नऊ वर्षांची पोरगी आठवडाभर त्यांच्यासाठी रोज खोटं बोलत होती आणि तरी आज पुन्हा त्यांच्याच गाडीत बसून आली होती. त्यांच्या डाव्या हाताला.

सर्व्हेअर बाईने घसा खाकरला. "काका, ऐका. हे फोटो मी कंपनीला देणार नाही. मला फक्त नुकसान बघायचं असतं. कारण म्हणून 'अंदाज चुकला' असं लिहिते. सगळेच तसं लिहितात. त्यात चूक कोणाचीच निघत नाही. क्लेम पास होईल, घरी कोणी काही विचारणार नाही. फक्त तुम्ही डॉक्टरांना डोळे दाखवा, लवकर." तिने वही गुडघ्यावर ठेवून लिहायला सुरुवात केलीसुद्धा.

नात आशेने बघत होती. बाईकडे, मग आजोबांकडे. मान हलवली की झालं. पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा शनिवार, जाताना वीस मिनिटं, येताना वीस.

"काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"अंदाज चुकला."

"खोडा."

"काका…"

"मी अंदाज केलाच नव्हता. खोडा आणि मी सांगतो ते लिहा." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि नातीच्या हातात दिली. "बाबांना फोन कर. म्हणावं, या आम्हाला न्यायला. येताना एक माणूस बरोबर आणा, गाडी न्यायला." मग ते बाईकडे वळले आणि साहेबांनी मजकूर सांगावा तसं एक एक शब्द सुटा करून म्हणाले, "चूक संपूर्णपणे चालकाची. कारण, चालकाला डाव्या बाजूचं दिसत नाही."

बाईने लिहिलं. त्यांनी वाकून वहीत पाहिलं. पूर्ण मान वळवून, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"'नीट दिसत नाही' असं का लिहिलंत?" ते म्हणाले. "'नीट' काढा."